दहावा बिल्ला

ब्रेनसेट, १६ सप्टेंबर १९८४

एक पाय गुडघ्यापर्यंत दलदलीत, दोन्ही हातांत स्कीच्या काठ्या, आणि समोर पाद्रीबुवा. बर्फ पडायला अजून दोन महिने अवकाश. रविवार, सकाळचे साडेअकरा. ते प्रार्थना आटोपून येत होते. मी प्रार्थना चुकवून गेले होते.

"गुनवोरबाई, काही हरवलंय का?"

"नाही. सराव चाललाय."

त्यांनी काठ्यांकडे पाहिलं, मग आभाळाकडे. "लवकर सुरुवात केलीत," म्हणाले आणि हात पुढे केला. मी बाहेर आले. बूट आला नाही.

योरुन, बहीण असूनही तू हसशील हे मला ठाऊक आहे, पण हे लिहायला दुसरं कोणी नाही. इथं लिहिलेलं सगळं माझ्याच हातून जातं. गावाच्या पोस्टमास्तरणीनं गावातल्याच कोणाला पत्र लिहिणं बरं दिसत नाही.

मार्चमध्ये खिंडीतून स्कीची शर्यत आहे. बेचाळीस किलोमीटर, मध्ये डोंगर. बायकांना परवानगी मिळून नऊ वर्षं झाली, आणि नऊही वर्षं मी धावले. ठरलेल्या वेळेच्या आत आलं की बिल्ला मिळतो. माझ्याकडे नऊ आहेत. दहा झाले की क्लबच्या घरात भिंतीवरच्या फळीवर नाव कोरतात. त्या फळीवर एकेचाळीस नावं आहेत. एकेचाळीसही पुरुष. दंतवैद्य थूरेसुद्धा आहेत, ज्यांना मी तीनदा उतारावर मागे टाकलंय आणि ज्यांनी त्याचा सूड माझ्या दाढेवर घेतलाय.

म्हणून दलदल. दलदलीत उड्या मारत चढलं की मांड्या तयार होतात. पुस्तकात आहे.

गुनवोर

---

सुल्वॉग, २७ सप्टेंबर

गुनवोर,

बूट सापडला का? तुझं पत्र मी आर्नफिनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, पाद्र्याचं बरोबर आहे.

आर्नफिन आता निवृत्त झालाय हे तुला लिहिलं होतं की नाही आठवत नाही. छत्तीस वर्षं फेरीबोट चालवली. आता स्वयंपाकघर चालवतो. सकाळी सातला खुर्चीवर बसतो आणि मी बटाटे कसे सोलते ते पाहतो. परवा त्यानं चमचे लांबीप्रमाणे लावले. "शोधायला सोपं," म्हणाला. मला चमचा शोधावा लागलेला नाही, आजवर कधीच नाही.

तुझं बरं आहे. तुला दलदल आहे. आमच्याकडे समुद्र आहे, त्यात उड्या मारता येत नाहीत. म्हणजे येतात, पण एकदाच.

एक विचारते. वेळ "ठरलेली" म्हणजे कोण ठरवतं?

योरुन

---

ब्रेनसेट, ३० ऑक्टोबर

योरुन,

उत्तराला उशीर झाला, कारण हरणांच्या शिकारीचे दिवस होते. मी चाकांच्या स्कीवर रस्त्यानं जाते आणि जंगलातून मला दुर्बिणीतून बघतात. लाल टोपी घालते. तरी ओड्वार म्हणाला, "काल तुझ्यावर नेम धरला होता, मग चाकांचा आवाज ऐकला." ओड्वार म्हणजे शाळेचा मुख्याध्यापक, शर्यतीच्या कमिटीचा अध्यक्ष आणि शेवटच्या रेषेवरचा घड्याळवालाही तोच. आमच्याकडे माणसं कमी आहेत.

आठवड्याला अकरा तास होतात. वहीत लिहिते. सोमवारी लाकडं फोडणं, मंगळवारी दलदल, बुधवारी चाकं, गुरुवारी पोस्ट उशिरापर्यंत उघडं असतं म्हणून विश्रांती, शुक्रवारी पुन्हा दलदल. नाडी सकाळी बावन्न. डॉक्टर म्हणाले, चाळिशीतल्या बाईची वाटते. मी म्हणाले, तिला परत देणार नाही.

वेळ नियमानं ठरते. आपल्या वयाच्या गटात जी पहिली येते तिची वेळ घ्यायची आणि तिच्यात पाव हिस्सा मिळवायचा. तेवढ्यात पोचलं की बिल्ला. सगळ्यांना सारखा नियम आहे, पुरुषांनाही. सोबत मार्चचं वर्तमानपत्रातलं कात्रण जोडलंय. फोटोत डावीकडून दुसरी मी आहे.

गुनवोर

---

सुल्वॉग, ११ नोव्हेंबर

गुनवोर,

फोटो छान आहे. डावीकडून दुसरं एक फावडं आहे, तू तिसरी.

मी फोटोखालचंही वाचलं. आर्नफिननं भिंग दिलं. त्याला भिंगाचा फार उपयोग असतो, तो त्यातून मासळीचे काटे बघतो. बायका, पंचावन्न ते एकोणसाठ वर्षं: पहिली, गुनवोर ब्रेनसेट, ४ तास २२ मिनिटं. दुसरी: कोणी नाही. तिसरी: कोणी नाही.

मी तुला प्रश्न विचारला होता तो उगाच नाही. म्हणजे पहिली येणाऱ्या बाईची वेळ ही तुझीच वेळ. तिच्यात पाव हिस्सा मिळवायचा. मग तू त्याच्या आत आलीस की नाही ते बघायचं. कमाल आहे, आलीस.

नऊ वर्षं तू स्वतःपेक्षा एक तास पाच मिनिटांनी पुढं आहेस. मध्येच बसून जेवली असतीस, भांडी घासली असतीस, तरी बिल्ला मिळाला असता.

रागावू नकोस. मी हे कोणाला सांगितलेलं नाही. फक्त आर्नफिनला, आणि त्यानं मासळीकेंद्रावर.

योरुन

---

ब्रेनसेट, १८ नोव्हेंबर

योरुन,

तुझं म्हणणं चूक आहे. १९७९ मध्ये शाळेतल्या एक शिक्षिका माझ्या गटात होत्या. आठव्या किलोमीटरला त्यांची स्की मोडली, त्यात माझा दोष नाही.

आणि मी एकटी धावते तो दोष माझा की न धावणाऱ्या बायकांचा? त्या वॅफल विकतात. शर्यतीच्या दिवशी गावातल्या बाईनं वॅफलच्या टेबलामागे उभं राहायचं, ही इथली रीत आहे. पहिल्या वर्षी मी नाव दिलं तेव्हा ओड्वारनं विचारलं होतं, "मग पीठ कोण कालवणार?" त्या वर्षी पीठही मीच कालवलं, पहाटे, आणि मग धावले. ते तुझ्या कात्रणात नसतं.

तू बोलावंस हे विशेष. एकवीस वर्षांची असताना तू जिल्ह्यात पहिली आलीस. मी तेव्हा अकरावी आले होते आणि तुझा डगला धरून उभी होते. पुढल्या वर्षी तू लग्न केलंस आणि स्की माळ्यावर टाकल्यास. तो चांदीचा पेला कुठं आहे?

बर्फ आलं. काल दहा सेंटिमीटर. मी कोणाशी बोलत नाही आणि रोज दोन तास जाते.

गुनवोर

---

सुल्वॉग, ३ डिसेंबर

गुनवोर,

पेला तळघरात आहे. त्यात आर्नफिन खिळे ठेवतो. पाऊण इंचीच, कारण मोठे मावत नाहीत.

तू शर्यतीच्या दिवशी पहाटे पीठ कालवलंस हे मला माहीत नव्हतं. ते लिहायला हवं होतंस, दंतवैद्याच्या आधी.

मी थोडी बाहेर जाऊ लागलेय. आर्नफिन आता मला कॉफी कशी गाळायची ते शिकवतो. मी "आलेच" म्हणते आणि टेकडीवर जाते. स्की माळ्यावरच होत्या. लाकडी, पण सरळ आहेत. शेजारच्या पोरींना हसू आलं. आता येत नाही.

योरुन

---

ब्रेनसेट, १६ डिसेंबर

योरुन,

टेकडीवर जातेस म्हणजे किती?

नाताळच्या शुभेच्छा. लोकरीचे मोजे पाठवतेय.

गुनवोर

---

सुल्वॉग, ९ जानेवारी १९८५

गुनवोर,

मोजे मिळाले. सरावाला उत्तम आहेत.

किती म्हणजे सुरुवातीला एक तास. मग दोन. नाताळनंतर आर्नफिननं मसाल्याच्या डब्यांवर नावं लिहिली, तेव्हापासून तीन. आमच्याकडे सूर्य उगवत नाही या दिवसांत, त्यामुळे मी कुठं आहे ते त्याला दिसत नाही. नातवानं त्याच्या जुन्या फायबरच्या स्की दिल्या. काय सरकतात गं त्या. आपण लाकडावर धावत होतो म्हणजे काय मूर्ख होतो.

परवा क्लबच्या पोरांबरोबर पंधरा किलोमीटर धावले. सतरा पोरं होती. नऊ मागे राहिली. त्यांच्या मास्तरानं विचारलं, "मावशी, तुम्ही कुठल्या?" मी म्हणाले, स्वयंपाकघरातली.

तर माझा विचार असा. मार्चमध्ये तुझ्याकडे राहायला येते. आलेच आहे तर धावतेही. तुला सोबत होईल. नऊ वर्षं एकटी होतीस.

नाव द्यायचा फॉर्म काल टाकला.

योरुन

---

ब्रेनसेट, २० जानेवारी

प्रिय योरुन,

तू येणार म्हणून फार आनंद झाला. खोली तयार ठेवते.

शर्यतीबद्दल मात्र बहीण म्हणून सांगते. बेचाळीस किलोमीटर म्हणजे तुमची टेकडी नव्हे. खिंडीत गेल्या वर्षी उणे एकवीस होतं. एका माणसाच्या कानाचं टोक गेलं. वाटेत लांडगा दिसला असंही लोक म्हणतात, मी स्वतः पाहिलेला नाही. तुझा गुडघा १९५८ मध्ये दुखत होता, आता कसा आहे?

तुझ्या वयाच्या बाईनं पहिल्या वर्षी नुसतं बघावं. वॅफलच्या टेबलापाशी उत्तम दिसतं.

फॉर्म कमिटीकडे पोचलेला दिसत नाही. टपालात काही घोळ झाला असावा. मुदत पंधरा फेब्रुवारीला संपते.

तुझी,
गुनवोर

---

सुल्वॉग, २८ जानेवारी

प्रिय गुनवोर,

गुडघा बरा आहे. मांजरीलाही बरं आहे, विचारायचं राहिलं असेल तर.

टपालात घोळ. काय सांगतेस. तुमच्या गावात पोस्टमास्तरीण कोण आहे गं आजकाल? तक्रार करायला हवी.

कोणावर आळ घेत नाही. अठरा दिवस एखादं पाकीट खणात तोंड खाली करून पडून राहू शकतं. मासळीकेंद्रात तीस वर्षं काढली मी, तिथंही कधीकधी एखादी चांगली कॉड टोपलीखाली जायची. संध्याकाळी सापडायची.

वाट बघते.

योरुन

---

ब्रेनसेट, १५ फेब्रुवारी

योरुन,

फॉर्म सापडला. आज दुपारी स्वतः ओड्वारच्या हातात दिला. तो म्हणाला, "अगं, दुसरी बाई! मग पीठ कोण कालवणार?"

मी म्हणाले, तू.

गुनवोर

---

ब्रेनसेट, १२ मार्च

योरुन,

शुक्रवारी साडेचारच्या बसनं ये. थांब्यावर असेन.

स्कीच्या मेणाचं विचारलं होतंस. बरं केलंस, इथलं बर्फ बाहेरच्याला कळत नाही. ट्यूबमधलं चिकट मेण लाव, लाल, जाडसर, घरूनच लावून आण म्हणजे इथं पसारा होणार नाही. खाली थंड वाटेल, पण वर खिंडीत बर्फ ओलं असतं. तसं ते दरवर्षी असतं. मीही चिकटच लावणार आहे.

हवा स्थिर आहे. उणे नऊ.

गुनवोर

---

बसमधून, १७ मार्च

गुनवोर, हे पोस्टकार्ड थांब्यावरच्या दुकानातलं, चित्राला हसू नकोस. मांसाचे गोळे उत्तम होते. एक हातमोजा तुझ्याकडे राहिला, डावा. दहाव्या बिल्ल्याबद्दल अभिनंदन, काल तू इतकी दमली होतीस की नीट सांगता आलं नाही. यो.

---

ब्रेनसेट, १८ मार्च

योरुन,

हातमोजा सोबत पाठवतेय.

आज सकाळी पोस्ट उघडलं. पहिला ओड्वार आला. त्याला तिकिटं नको होती. काउंटरवर टेकून म्हणाला, "तुझी बहीण म्हणजे अजब बाई आहे. रेषेच्या दोन हात अलीकडे सोळा मिनिटं उभी."

"कसली उभी?"

"तुला माहीत नाही?"

मग त्यानं सांगितलं. मागे रांगेत सहा जण होते, ते मधूनमधून दुरुस्त्या करत होते. तू बारा वाजून बारा मिनिटांनी आलीस. तीन तास बारा मिनिटं. लोक ओरडले. तू रेषेपर्यंत आलीस आणि थांबलीस. काठ्या बर्फात रोवल्यास. वॅफलच्या टेबलावरून काळ्या बेरीचं गरम सरबत मागवलंस. ओड्वार म्हणाला, "बाई, पाय पुढं टाका, घड्याळ चालू आहे." तू म्हणालीस, "चालू दे की. गुनवोर खिंडीतल्या झोपडीवरून किती वाजता गेली?" त्यानं झोपडीवरून आलेल्या फोनची वही बघून सांगितलं, अकरा वाजून पन्नास. तू बोटांवर काहीतरी मोजलंस. मग दुसरा पेला मागवलास. मग तिसरा. दंतवैद्य तुझ्या शेजारून रेष ओलांडून गेले आणि टोपी काढून "तब्येत बरी आहे ना?" असं विचारून आले. बारा अठ्ठावीसला तू पेला खाली ठेवलास आणि पाऊल टाकलंस.

तीन तास अठ्ठावीस मिनिटं. त्यात पाव हिस्सा मिळवला की चार तास वीस. मी चार तास एकोणीस मिनिटं बारा सेकंदांत आले.

तू बाराला बाराच आली असतीस तर माझी वेळ चार तास ठरली असती.

शनिवारी मी बिल्ला उशाशी घेऊन झोपले. तू भिंतीपलीकडच्या खोलीत होतीस आणि घोरत होतीस. तुला शांत झोप लागली याचं आता मला नवल वाटतं.

कोणी सांगितलं होतं तुला? माझे नऊ बिल्ले खोटे असतील, पण ते मी आणले होते. त्यांना कोणी हात लावला नव्हता. आता सगळं गाव सरबताच्या पेल्यांची गोष्ट सांगतंय. दुपारी एक पोरगी तिकीट घ्यायला आली आणि विचारते, "मावशी, तीन पेले की चार?"

माझंही सांगून टाकते, म्हणजे तुला माझ्यावर उपकार केल्याचं समाधान पूर्ण मिळणार नाही. मेणाचं मी खोटं लिहिलं होतं. मंगळवारी उणे नऊ होतं, कोरडं बर्फ, त्यावर निळं मेण लावायचं असतं. चिकट लावलं असतंस तर स्कीला खालून बर्फाचे गोळे धरले असते आणि तू खिंडीपर्यंत चालत गेली असतीस. मी स्वतः गुरुवारीच तळघरात निळं लावून ठेवलं होतं. शनिवारी उठले तर छपरावरून पाणी टपकत होतं. अधिक दोन. तू ब्रेडवर तपकिरी चीज ठेवत विचारलंस, "तूही चिकटच लावलंयस ना?" मी हो म्हणाले. मग तुझ्यासमोर खाली जाऊन निळं खरवडून चिकट कसं लावणार होते? तू दारापर्यंत माझ्यासोबत होतीस. स्कीसुद्धा तूच उचलून दिल्यास. उलट्या, तळ आत करून.

ओल्या बर्फावर निळं धरत नाही, पहिल्या चढावरच मी मागे सरकू लागले. बेचाळीस किलोमीटर फक्त हातांनी गेले. आज शिक्के मारता येत नाहीत. तुझ्या पत्रावरचा शिक्का वाकडा दिसेल.

गुनवोर

---

सुल्वॉग, २२ मार्च

गुनवोर,

शिक्का वाचता येतो.

तीन पेले. चौथा मागितला होता, पण संपलं होतं. आणि सरबत खरंच गरम होतं. मी घाईनं पिणाऱ्यातली नाही.

तुझं मेणाचं पत्र गुरुवारी आलं तेव्हा मी खिडकीशी होते. बाहेर नैर्ऋत्येचा वारा आणि पाऊस. आमच्या खिडकीत सकाळी जे असतं ते दीड दिवसानं तुमच्या खिंडीत असतं. चाळीस वर्षं बोटीवाल्यांच्या गावात राहते, एवढं कळतं. तू खोटं लिहिलंयस ते पहिल्या ओळीतच दिसलं, "बरं केलंस" इथं. तू मला आयुष्यात कधी बरं केलंस म्हणालेली नाहीस. पण तुझं खोटं माझ्यापर्यंत पोचेतोवर ते खरं होऊ लागलं होतं. मी काय करणार? चिकट लावलं.

नाश्त्याला मी तुला विचारलं ते तू खरं सांगावंस म्हणून. सांगितलं असतंस तर ट्यूब माझ्या पिशवीत होती. स्की उचलून दिल्या तेव्हा तळ निळा होता, तोही पाहिला. मी गप्प बसले. तेवढं मला माफ कर. पाच आठवडे फॉर्म खणात होता.

म्हणजे तुला वाटतं तशी मी दयाळू नाही. पहिले एकतीस किलोमीटर मी तुला चिरडायचं म्हणूनच धावत होते, आणि छान वाटत होतं.

रेषेपाशी काय झालं ते मी आर्नफिनलाही सांगितलेलं नाही. लोक ओरडत होते. माझं नाव घेत होते, चुकीचं, "योहाना" म्हणत होते, पण माझ्याचकडे बघत होते. अडतीस वर्षांनी. मला दिसत होतं की पाऊल टाकलं की झालं. पलीकडे शर्यत नाही. पलीकडे बस आहे, आणि बसच्या शेवटी आर्नफिन, मला डबे दाखवायला. म्हणून उभी राहिले. पहिला पेला माझा होता, तो तुझ्यासाठी नव्हता.

दुसऱ्या पेल्याला तुझी आठवण आली. आता उभीच आहे, तर हिशेब करून बघू म्हटलं. टोपलीकडे बघून वजन सांगायचं, तीस वर्षं तेच काम केलं. खिंडीत अकरा पन्नास, निळं मेण, रागीट बाई. चार तास वीसला वीस सेकंद कमी असा माझा अंदाज होता. तू अठ्ठावीस सेकंद लवकर आलीस. अजून जोर आहे तुझ्यात.

फळीचं काय करणार आहेस?

योरुन

---

ब्रेनसेट, २८ मार्च

योरुन,

फळीचा विचार केला. दहा दिवस दुसरं काही केलेलं नाही, सरावालाही गेले नाही.

नऊ बिल्ले मी स्वतःला हरवून मिळवले आणि दहावा तुझ्या तहानेवर मिळाला. नीट मोजलं तर माझ्याकडे एकही नाही. उद्या सुतार क्नुत छिन्नी घेऊन क्लबच्या घरी येणार आहे. ओड्वारनं मला नऊ वाजता बोलावलंय, एक छोटं भाषणही लिहिलंय, त्यात "सहनशील" हा शब्द दोनदा आहे. मी त्याला सांगणार आहे की माझं नाव कोरू नका. ज्या दिवशी गटात आणखी दोन बायका असतील, बर्फ जसं असेल तसं मेण मी लावलेलं असेल आणि रेषेपाशी कोणी सरबत पीत नसेल, त्या दिवशी बिल्ला मिळाला तर मोजा. तोवर एकेचाळीस पुरुषांना राहू दे तिथं एकमेकांच्या सोबतीला. माणसाला काही स्वाभिमान असतो.

हे तुला आधी सांगतेय, कारण तुला वाईट वाटू नये.

गुनवोर

ता. क. २९ मार्च, सकाळ. पाकीट बंद करायचं राहिलं होतं. नऊ वाजता क्नुत आला. शिडी डुगडुगत होती, म्हणून मी धरली. नाव कोरायला चाळीस मिनिटं लागली. खाली एक ओळ रिकामी ठेवायला सांगितली. ओड्वार म्हणाला, नियमात बसत नाही. मी म्हणाले, तिला अजून नऊ लागतील, तोवर नियम शोध. मग येऊन पोस्ट उघडलं. रांगेत पहिले दंतवैद्य होते.